खांडेकरांच्या नावानं एक संध्याकाळ: वाचन, गाणं आणि बाकीच्या भानगडी

जानेवारी जवळ आला की कुणाचा तरी फोन येतोच, "अहो, तुमच्या वाचनालयानं तो खांडेकरांचा कार्यक्रम केलेला न्हवं, तसाच आमच्यात बी करायचाय, काय काय लागतंय?" मग मी अर्धा तास बोलतो आणि शेवटी समोरचा म्हणतो, जरा लिहून पाठवा की. तर हे घ्या लिहून. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकातली पानं मोठ्यानं वाचायची आणि मधे मधे गाणं, असे तीन कार्यक्रम आम्ही कोल्हापुरात केले. पहिला पूर्ण फसला, दुसरा बरा झाला, तिसऱ्याला लोक शेवटपर्यंत बसले, त्यामुळं खाली जे आहे त्यातलं निम्मं तरी पहिल्या वर्षीच्या शेणातून उगवलेलं आहे असं समजा.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि कोल्हापूर म्हटल्यावर फेटे आलेच, ते बांधण्यातच पंधरा मिनिटं गेली कारण फेटेवाला एक आणि डोकी सात. मग पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, त्यातली तीस स्वतःबद्दल. सहाचा कार्यक्रम, आणि खांडेकरांचं पहिलं वाक्य लोकांच्या कानावर पडलं तेव्हा पावणेआठ वाजले होते आणि हॉलमध्ये आमचेच घरचे लोक उरले होते, ते पण रिक्षा मिळंल का या काळजीत. तेव्हापासून आमच्यात एकच नियम आहे, सहाला सुरू म्हटलं की सहा दहाला पुस्तकातलं पहिलं वाक्य ऐकू आलं पाहिजे. बाकी सगळं या नियमाच्या मागनं.

लेखक कोण घ्यायचा हा प्रश्न कोल्हापुरात खरं तर पडायलाच नको, भांडण होतं ते कुणाला वगळायचं यावर. आजऱ्याचे शिवाजी सावंत आहेत, कोवाडचे रणजित देसाई आहेत, कागलचे आनंद यादव आहेत. आम्ही वि. स. खांडेकर घेतले कारण मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ, १९७४ सालचं, याच गावात राहणाऱ्या माणसाला 'ययाति' कादंबरीसाठी मिळालं आणि आमच्या वाचनालयातल्या पोरांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. खाली उदाहरणं खांडेकरांची देतोय, पण साचा कुणालाही चालतो.

एक सावधगिरी. निवेदकाला लेखकाची माहिती द्या पण दोन मिनिटांचीच द्या आणि त्यात पुरस्कारांची यादी वाचू देऊ नका. खांडेकरांबद्दल आम्ही एवढंच सांगतो: जन्म सांगलीचा, ११ जानेवारी १८९८. १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर. मग कोल्हापूर, कारण इथं सिनेमा होता, मास्टर विनायकांची हंस पिक्चर्स इथलीच आणि १९३६ च्या 'छाया'ची कथा खांडेकरांची. 'ययाति' १९५९ सालची, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी. शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं. गेले २ सप्टेंबर १९७६ ला. हे शेवटचं डोळ्यांचं आम्ही मुद्दाम सांगतो आणि तिथंच थांबतो, कारण ज्याला वाचनासाठी दुसऱ्याच्या आवाजावर अवलंबून राहावं लागलं त्याचं पुस्तक आपण मोठ्यानं वाचतोय, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, समजावून सांगायला लागत नाही. ज्याला आणखी माहिती पाहिजे त्याला शिवाजी विद्यापीठातलं खांडेकरांचं स्मृती संग्रहालय बघून यायला सांगा, आमच्या वाचणाऱ्या लोकांना आम्ही एका शनिवारी नेऊन आणलेलं, त्याचा फायदा झाला.

तारीख. सरळ हिशोबानं दोनच, जन्मदिवस नाहीतर स्मृतिदिन. २ सप्टेंबरच्या नादाला लागू नका. एक तर पाऊस, आणि त्या सुमाराला गणपती पुढं-मागं कुठंतरी असतोच, मंडळांच्या मिरवणुका आणि ढोलताशांच्या सरावात तुमचा कोण ऐकणार. ११ जानेवारीच्या जवळचा शनिवार धरा. पण त्या सीझनला गावात फुटबॉल असतो, आणि ज्या दिवशी पेठेतल्या दोन तालमींच्या (म्हणजे आखाड्यांच्या) संघांची मॅच आहे त्या दिवशी कार्यक्रम ठेवलात तर प्रेक्षक तर सोडाच, तबलजीपण येणार नाही. हे गमतीनं नाही सांगत.

जागा. केशवराव भोसले नाट्यगृह आपल्या सगळ्यांच्या जिवाचं आहे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना बघून मोठमोठी माणसं रस्त्यावर रडत होती, पण वाचनाच्या कार्यक्रमाला ती जागा मुळातच मोठी. दीडशे माणसं आली तर छोट्या हॉलमध्ये गर्दी वाटते आणि मोठ्या नाट्यगृहात तेराव्याला आल्यासारखी वाटतात. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन मधल्या आकाराचं आहे, बसस्टँडवरनं चालत येता येतं, तिथला हॉल मिळाला तर बघा. नाहीतर शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, कुणाच्या वाड्याचा चौक असला तर मग काय सोनंच. उघड्यावर करणार असाल तर स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातनं आधी घ्या आणि रात्री दहाला आवाज बंद हे लक्षात ठेवा. तशी वेळ यायलाच नको, आपला कार्यक्रम आठला संपला पाहिजे.

जागा बघायला जाताना तीन गोष्टी बघा ज्या कुणी बघत नाही. पंख्यांचा आवाज किती येतोय, शेजारच्या खोलीत त्या संध्याकाळी काय आहे (आमच्या शेजारी एकदा बारसं होतं) आणि स्टेजवर वाचणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतोय की डोक्यावर. डोक्यावर पडत असेल तर पानावर स्वतःचीच सावली पडते आणि माणूस अडखळतो, आणि लोकांना वाटतं त्याची तयारी नाही. घरातला साधा टेबललॅम्प नेला तरी काम होतं.

आता मुख्य काम, पानं निवडणं. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पोस्टरपेक्षा, पाहुण्यांपेक्षा, सगळ्यापेक्षा.

खांडेकरांची अडचण अशी आहे की त्यांच्यात सुभाषितासारखी वाक्यं पानोपानी सापडतात आणि निवडणारा माणूस हमखास तीच निवडतो. कागदावर ती छान दिसतात. मोठ्यानं वाचली की तिसऱ्या वाक्यानंतर लोक मान डोलवायला लागतात आणि पाचव्यानंतर मोबाईल काढतात. उपमांवर उपमा, चांदण्या, निर्झर, फुलं, हे सगळं आपल्या कानाला आता जरा जास्तच गोड वाटतं, खोटं कशाला बोलायचं. म्हणून असा तुकडा शोधा ज्यात कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोलतंय, किंवा कुणीतरी काहीतरी करतंय. दार उघडलं, कुणी आत आलं, कुणी काहीतरी लपवलं. ऐकणाऱ्याला चित्र पाहिजे, विचार त्याचा तो करतो. आणि एक, व्हॉट्सॲपवर खांडेकरांच्या नावानं फिरणारी वाक्यं निवेदनात घालू नका, पुस्तकात पान नंबर सापडला तरच घ्या. आम्ही एकदा बॅनरवर असलं एक वाक्य छापलं आणि एका निवृत्त प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? अजून शोधतोय.

'ययाति' घेतली तर एक सोय आयतीच मिळते. ती एकाच्या तोंडची गोष्ट नाही, ययाति राजा, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी झालेली शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात. म्हणजे तीन वाचक, तीन आवाज, रचना लेखकानंच करून ठेवलीय. तीच घटना एकीच्या तोंडून ऐकली की ती बरोबर वाटते, मग दुसरी उभी राहते आणि पहिलीवरचा विश्वास डळमळतो. ही गंमत डोळ्यांनी वाचताना हळूहळू कळते, स्टेजवर दोन बायका पाच फुटांवर उभ्या राहून सांगायला लागल्या की एका क्षणात कळते. (सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्येपण अशीच वेगवेगळी माणसं बोलतात, त्यामुळं तो कार्यक्रम करणाऱ्यांनापण हीच युक्ती.) विहिरीचा प्रसंग, म्हणजे शर्मिष्ठा देवयानीला ढकलते तो, आणि शेवटी पुरू बापाला आपलं तारुण्य देतो तो, या दोन खुंट्या पक्क्या धरा आणि मधलं त्याप्रमाणे लावा. सगळी कादंबरी सांगायचा प्रयत्न करू नका. ज्याला पुढचं पाहिजे तो वाचेल, वाचनालय कशासाठी आहे.

किती पानं? छापील एक पान नीट वाचायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघा, बहुतेकांना दीड वाटतं. एका वाचकाला एका वेळी सात-आठ मिनिटांच्या वर देऊ नका, म्हणजे तीन पानं, बास. तीन वाचक, प्रत्येकी दोन फेऱ्या, पाऊण तास वाचन झालं. तेवढंच पुरतं. तुकडा मध्ये कापायला लागला तर अख्खा परिच्छेद गाळा पण वाक्याच्या आत हात घालू नका, शब्द बदलू नका, "सोपं करून" तर अजिबात नको.

वाचक कोण? इथं माझं मत ठाम आहे आणि त्यावरनं भांडणंपण झालीत. नट नको. नाटकातली माणसं वाचत नाहीत, करून दाखवतात, देवयानी चिडली की हे स्टेजवर पाय आपटणार. आमचा ययाति म्हणजे हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस, आवाज घोगरा, आयुष्यात माइकसमोर उभा राहिलेला नव्हता, पण वाक्य कुठं संपतं ते त्याला बरोबर कळत होतं. देवयानी एक निवृत्त शिक्षिका, त्यांना आम्ही सगळे काकूच म्हणतो. शर्मिष्ठा बी.एस्सी.ला असलेली पोरगी, तिनं त्याआधी एकही मराठी कादंबरी पूर्ण वाचलेली नव्हती, हे तिनंच सांगितलं.

तालीम किमान चार वेळा. पहिली फक्त बसून. दुसऱ्या तालमीला काकू शेवटच्या पानावर रडायलाच लागल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नका रडू, लोकांना रडू दे." तर म्हणाल्या, "अरे बाळा, पस्तीस वर्षं वर्गात धडे वाचलेत मी, एकदा घरात रडून घेतलं की मग स्टेजवर डोळे कोरडे राहतात." आणि खरंच राहिले. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, तुकडा घरी दहा वेळा वाचा, रडायचं असेल ते पहिल्या पाच वेळांत उरकून घ्या.

उच्चारांचा एक किस्सा सांगतोच. 'कच'. देवयानीचं ज्याच्यावर प्रेम असतं तो कच. यातला च 'चार'मधला, 'चोर'मधला नाही. आमच्या हार्डवेअरवाल्यानं पहिल्या तालमीत तो सरळ कचऱ्यातला कच म्हटला आणि कच खाल्ल्यावर म्हणतात तसा तो कच ऐकून शर्मिष्ठेला हसू आवरेना, पुढची दहा मिनिटं तालीमच झाली नाही. कार्यक्रमात असं झालं असतं तर संपलंच होतं. म्हणून सगळी नावं आधी एका कागदावर काढून मोठ्यानं म्हणून घ्या, शर्मिष्ठेतला ष्ठ पण.

वाचायची प्रत कशी करायची हे बारकाईनं सांगतो कारण इथंच बरेच कार्यक्रम घसरतात. पुस्तक हातात धरून वाचू नका, ते मिटतं, अंगठा ओळीवर येतो. झेरॉक्सपण नको, अक्षर बारीक. तेवढी पानं टाइप करून घ्या, अक्षर सोळा पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा, कागदाच्या एकाच बाजूला. वाक्य पानाच्या शेवटी तुटता कामा नये, पान संपताना वाक्यपण संपलं पाहिजे, मग खाली चार बोटं कोरा कागद राहिला तरी चालेल. स्टेपल मारू नका. स्टेपल मारलं की पान उलटायला लागतं आणि ती खरखर माइकमधनं अख्ख्या हॉलला ऐकू जाते, सुटी पानं असली की वाचलेलं पान नुसतं डावीकडं सरकवायचं. पंख्यानं उडू नयेत म्हणून स्टँडच्या खालच्या पट्टीवर एक फूटपट्टी ठेवा. पानांवर नंबर घाला, मोठे. मग पेन्सिल घ्या, जिथं श्वास घ्यायचा तिथं एक रेघ, जिथं थांबायचं तिथं दोन. एका वाक्यात जोर द्यायचा शब्द एकच अधोरेखित करा, दोन केले की भाषण सुरू होतं.

आता गाणं. गाण्याचं काम काय ते आधी ठरवा. आमच्या पहिल्या वर्षी एका गायकानं स्वतःला आवडणारी सिनेमाची चार गाणी कराओकेवर म्हटली, त्यांचा ययातिशी संबंध एवढाच की दोन्ही मराठी. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून आणलं, जिथं त्यांच्या मुलानं, भुर्जी खाँसाहेबांनी शिकवलं, त्या गावात कराओके लावायचं म्हणजे जरा लाज वाटली पाहिजे. आम्ही पुढच्या वर्षी गाणारी एकच बाई घेतली, पेटी, तबला, तानपुरा, आणि तिला पुस्तकातली निवडलेली पानं महिनाभर आधी दिली. हेच महत्त्वाचं, गाणाऱ्याला पानं द्या, विषय नका देऊ.

तिनंच सुचवलं, सुरुवात मारव्यानं करू. जानेवारीत सव्वासहाच्या दरम्यान दिवस मावळतो, मारवा त्याच वेळचा राग, त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येऊन निवांत बसायचंच नाही, सारखं त्याच्या आजूबाजूला घुटमळायचं. ऐकणाऱ्याला राग कळो न कळो, काहीतरी पुरं होत नाहीये ही हुरहूर लागते. आणि त्यावर लगेच ययाति बोलायला उभा राहतो, ज्याचं आयुष्यात काहीच पुरं झालेलं नाही! हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. पाच मिनिटं, नुसती आलापी, तबला नाही.

देवयानीच्या आधी नाट्यपद. खाडिलकरांचं 'संगीत विद्याहरण', १९१३ चं, त्याचा विषयच कच आणि देवयानी, त्यातलं एक पद घेतलं की निवेदकाला कच कोण हे समजावून सांगायला लागत नाही. आणि गायकनट केशवराव भोसल्यांच्या गावात नाट्यपदाला दाद मिळणार नाही असं होतच नाही. पद अडीच अंतऱ्यांवर खेचू नका, ताना आवरायला सांगा, वन्समोअर आला तरी पुढं चला (हे गायिकेला आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी वाईट वाटतं).

शर्मिष्ठेच्या आधी काय, यावर आम्ही पंधरा दिवस अडलो होतो. राजकन्या होती आणि दासी झाली, तिला कुठला राग देणार. शेवटी वाचनालयात झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, जात्यावरच्या ओव्या म्हणू का मी. त्यांच्या आईकडनं आलेल्या, करवीर तालुक्यातल्या खेड्यातल्या. पेटी नाही, तबला नाही, मावशी खुर्चीवर बसायलापण तयार नव्हत्या, खाली सतरंजीवर बसल्या आणि पाच-सहा ओव्या म्हटल्या, म्हणताना उजवा हात आपोआप जातं ओढल्यासारखा गोल फिरत होता. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. त्यानंतर ती पोरगी उभी राहिली आणि हळू आवाजात शर्मिष्ठा वाचायला लागली.

एक गोष्ट अजिबात करू नका, वाचनाच्या मागं बासरी किंवा पेटी चालू ठेवू नका. भारी वाटेल असं वाटतं, पण कान एका वेळी एकच ऐकतो आणि शब्द हरतो. फार तर तानपुरा, तोपण बारीक. वाचन चालू असताना वाचन, गाणं चालू असताना गाणं.

पट्टीचं, म्हणजे कोण पेटीच्या कुठल्या पट्टीला 'सा' धरून गाणार त्याचं, आधी विचारून घ्या. गाणारी बाई काळी चारला गाणार आणि नंतर कुणी पुरुष काळी एकला गाणार असेल तर तबला दुसरा लागतो, एकच तबला एवढा वर-खाली उतरवता येत नाही. कार्यक्रमात मध्येच हातोडीची ठकठक सुरू झाली की सगळा माहोल जातो, वाद्यं लोक यायच्या आत लावून ठेवा.

माइक. साऊंडवाल्याला दुपारी चारला बोलवा, साडेपाचला नाही. साडेपाचला तो वायरी सोडवत असतो आणि लोक आत येत असतात. गाण्याचं सेटिंग आणि वाचनाचं सेटिंग वेगळं पाहिजे, गाण्याला थोडा घुमारा लागतो, वाचनाला अजिबात नको, वाचनात इको ठेवला तर ययाति एसटी स्टँडवरची घोषणा करतोय असं वाटतं. हे त्याला समजावून सांगा, चिठ्ठीवर क्रम लिहून त्याच्या मिक्सरला चिकटवा. वाचकाचा माइक तोंडापासून एक वीत लांब, जरासा खाली आणि बाजूला, नाहीतर प, फ, भ आला की फाट् फाट् आवाज येतो. वाचक तीन उंचीचे असतील तर स्टँड प्रत्येक वेळी वर-खाली करायला एक पोरगा नेमा, वाचकानं स्वतः माइकशी झटापट केली की त्याची पहिली दोन वाक्यं वाया जातात.

कायद्याचं थोडं. खांडेकर १९७६ ला गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांची पुस्तकं कुणीही कशीही वापरावी अशी नाहीत. छापलेल्या पुस्तकातला माफक भाग लोकांसमोर वाचायला कॉपीराइट कायद्यातलं ५२ कलम मोकळीक देतं, त्यामुळं हॉलमधल्या वाचनाला अडचण नाही. पण त्याचं नाटक करणं, किंवा रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी मागा, प्रकाशकाला एक पत्र लिहिलं की मार्ग निघतो. आणि टाइप केलेल्या पानांच्या प्रती काढून लोकांना वाटू नका. खाडिलकर १९४८ ला गेलेले, त्यांची पदं मोकळी झालीत, ओव्या तर कुणाच्याच नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. नवी सिनेमाची गाणी घेणार असाल तर परवान्याचं आधी विचारा, ते आणि एक कारण ती न घेण्याचं.

त्या दिवशीचा क्रम आमचा साधारण असा होता, भिंतीवर लावला होता:

५:३० दार उघडं, बाहेर चहा
६:०० निवेदक, दोन मिनिटं, मोबाईल बंद
६:०३ मारवा
६:१० ययाति
६:२० नाट्यपद, मग देवयानी
६:४० ओव्या, मग शर्मिष्ठा
७:०० तिघांची दुसरी फेरी, मध्ये गाणं नाही
७:२५ पुरूचा प्रसंग आणि लगेच भैरवी
७:३५ आभार, एका माणसानं, एका मिनिटात

पाहुणे कुठं आहेत? पाहुणे पहिल्या रांगेत बसलेत आणि ऐकतायत. एका ज्येष्ठ लेखकांना आम्ही बोलवलं आणि सांगितलं की सर, भाषण नाही, तुम्ही फक्त या. ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, "मग मला पण एखादं पान द्या की वाचायला." दिलं. सत्कार करायचाच असला तर कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी करा, फेटा तिथंच बांधा, फोटो तिथंच काढा, कुणाचं काही अडत नाही.

दुसऱ्या फेरीत मध्ये गाणं नको म्हटलंय ते मुद्दाम. पहिल्या फेरीत लोकांना आवाज ओळखीचे होतात, दुसऱ्या फेरीत एकाचं संपलं की दुसऱ्यानं लगेच उचलायचं, श्वास सोडायला पण जागा नाही. टाळ्या वाजवू नका म्हणून निवेदकानं सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, नाहीतर कोल्हापूरकर प्रत्येक पानाला टाळ्या देणार, आणि एखादा मागनं "वाढीव!" म्हणून ओरडणार. ओरडला होता. देवयानीला. काकू खूश.

बाकीचं पटकन. पोस्टरवर लेखकाचं नाव मोठं आणि आमदारांचं नाव असलंच तर छोटं. व्हॉट्सॲपवरचं आमंत्रण आठ दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा, रोज टाकलं तर लोक ग्रुप म्यूट करतात. वाचनालयांमध्ये स्वतः जाऊन कागद लावा, करवीर नगर वाचन मंदिरात पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं हा तुमचा खरा प्रेक्षक आहे, त्यांच्यासाठी पहिल्या दोन रांगा आणि हात असलेल्या खुर्च्या ठेवा. तिकीट लावू नका, दाराशी डबा ठेवा. खर्चात साऊंड आणि वादकांच्या मानधनाला हात आखडता घेऊ नका, हारतुऱ्यांत घ्या. खायला भडंग पुरे, पण ते कार्यक्रम संपल्यावर, आधी दिलं तर मारव्याला कुरुम कुरुम साथ मिळते. तेपण झालेलं आहे.

पुस्तकांचं टेबल ठेवा, बाहेर, चहाच्या शेजारी. वाचनालयाच्या 'ययाति'च्या जेवढ्या प्रती आहेत तेवढ्या तिथं ठेवा आणि नावं लिहून घ्यायला वही. आमच्याकडं पाच प्रती होत्या, पाचही त्या रात्री गेल्या, एक जाडजूड मिशीवाले काका सहावी मागत होते आणि मिळाली नाही म्हणून वाचकाच्या हातातली टाइप केलेली पानंच देता का म्हणत होते.

ती देऊ नका. कार्यक्रम संपला की पहिलं काम, स्टँडवरची पानं गोळा करून नंबरानं लावून फाइलमध्ये ठेवणं, पुढच्या वर्षी पेन्सिलच्या त्या रेघा लागतात. मग खुर्च्या, सतरंज्या, फूटपट्टी, टेबललॅम्प (आमचा हॉलमध्येच राहिला तो अजून तिथंच आहे). साऊंडवाल्याचे आणि तबलजीचे पैसे त्याच रात्री हातात द्या. नऊपर्यंत किल्ली द्यायची असते. मग सगळ्यांनी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं. आम्ही गेलो तेव्हा हार्डवेअरवाला ग्लास हातात धरून काकूंना विचारत होता, पुढच्या वर्षी पुरू मी वाचू का, बापाचं वाचून कंटाळा आला, आणि काकू म्हणाल्या, "वय बघ की जरा आपलं."